सोया मेणबत्तीवरचा पांढरा थर

नाशिकला थंडी पडू लागली की घरी सोया मेणबत्त्या करणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: रात्री ओतलेल्या मेणावर सकाळी बुरशी आली. गंगापूर रोडला, गोदावरीच्या बाजूच्या इमारतींत, पहाटेचा गारठा चांगलाच झोंबतो. मग मेणात भेसळ आहे असं ठरवून अख्खा घाणा टाकून दिला जातो. वाईट वाटतं, कारण त्या मेणात काहीच बिघडलेलं नसतं.

सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. निवताना त्याचे स्फटिक बनतात आणि पुढेही ते आपली रचना बदलत राहतात. पृष्ठभागावर ते वाढले की पांढरट नक्षी दिसते. जुन्या चॉकलेटवर येणारा पांढरा थरही बहुतेक वेळा असाच बनतो. जळण्यावर किंवा वासावर त्याचा परिणाम होत नाही. रंगीत मेणात मात्र तो उठून दिसतो, म्हणून थंडीत रंग न घालणं उत्तम. शिवाय बरण्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवू नका. थंड दगड बुडाकडून उष्णता ओढून घेतो, तळ आधी गोठतो आणि वरचा भाग मागे राहतो. बरण्या आधी कोमट करा, खाली जाड पुठ्ठा घाला, दोन बरण्यांत चार बोटं अंतर सोडा, खिडकी लावून घ्या. लवकर सेट व्हावं म्हणून फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. काचेच्या आतून दिसणारे ‘ओले’ डागही पाण्याचे नसतात. तिथे मेण आकसून काचेपासून सुटलेलं असतं, एवढंच.

दुसरा गैरसमज खिशाला महागात पडतो: वास कमी येतो, तर सुगंधी तेल वाढवा. बहुतेक सोया वॅक्स वजनाच्या 6 ते 10 टक्केच तेल धरून ठेवतं. म्हणजे 200 ग्रॅम मेणाला 8 टक्क्यांनी 16 ग्रॅम, तेही काट्यावर मोजून. त्याहून जास्त घातलं तर तेल वर पाझरतं, वात तुंबते, कधी ज्योत भडकते. फ्लॅश पॉइंटच्या वर तेल घातलं की वास उडून जातो, हेही खरं नाही. तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते असं ते तापमान. त्याचा संबंध आगीशी आहे, म्हणून तेल घालताना गॅस बंद हवा. खरी गोम बहुधा घाईत असते. ओतलेली मेणबत्ती झाकण लावून आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावी लागते. दिवाळीच्या ऑर्डरी आदल्या दिवशी ओतून वास कसा यायचा? आणि पूजेच्या दुकानातलं अत्तर किंवा गुलाबजल मेणात घालू नका. गुलाबजलातलं पाणी मेणात मिसळत नाही, ज्योत तडतडते.

समईची वात चालते का, हा प्रश्न आपल्याकडेच पडणार. चालत नाही. हाताने वळलेली वात तेलात टेकून जळते, वितळलेल्या मेणात ती आडवी पडते. मेणबत्तीची वात विणलेली असते. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून जातं. ही युक्ती 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी मेणबत्तीची वात सारखी कातरावी लागे. मधोमध खड्डा पडून कडेचं मेण तसंच राहत असेल, तर वात बारीक आहे किंवा पहिल्यांदा मेणबत्ती लवकर विझवली. सात-आठ सेंटिमीटर रुंद बरणी पहिल्या वेळी साधारण तीन तास जळू द्या, मेण कडेपर्यंत वितळायला हवं. सोयाला काजळी धरतच नाही, हा दावाही खोटा. ती कुठल्याही ज्योतीला धरते. समईची झाडतो तशी वातीची काजळी काढा, वात अर्धा सेंटिमीटर ठेवा, पंख्याखाली लावू नका.

द्राक्षं आणि वाइनच्या या गावात रिकाम्या बाटल्या मुबलक, त्या कापून त्यांत मेण ओतायचा मोह होतोच. माझा याला ठाम विरोध आहे. बाटलीची काच सगळीकडे सारख्या जाडीची नसते, कापलेल्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा राहतात आणि उष्णतेने त्या पसरतात. मेणबत्तीसाठी बनवलेलीच बरणी घ्या. मेण थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. चुकून पेटलंच तर पाणी ओतू नका, पेटतं मेण उसळून अंगावर येतं. गॅस बंद करा आणि भांड्यावर झाकण टाका.