मोटारसायकलची हत्यारपिशवी



भिवंडी हें यंत्रमागांचें गांव. येथें माग थांबला कीं मिस्त्री प्रथम पाना काढून काय सैल झालें आहे तें पाहतो; नवा भाग मागण्याची वेळ त्यानंतर. मोटारसायकल बाळगणाऱ्या गृहस्थानेंही हीच दृष्टि ठेवावी. काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांकडे किंवा अंबाडीवरून वज्रेश्वरीकडे जातांना भर पावसांत वाहन अडलें, तर अवजड मालमोटारींच्या वाटेंत उभें राहणें हाच मोठा धोका. तो काळ जितका थोडा, तितकें बरें.

पिशवी भरतांना, दुकानांत काय मिळतें हें न पाहतां, वाटेंत काय बिघडतें तें पाहावें. बहुधा ठिणगी, साखळी, वीज किंवा हवा यांपैकीं एक बिघडतें.

ठिणगीसाठीं प्लगचा पाना आणि एक नवा प्लग ठेवावा. आजच्या पुष्कळशा लहान गाड्यांना 16 मि.मी.चा पाना लागतो, जुन्या बुलेटला सुमारें 21 मि.मी.चा. इंजिन निवल्यावर प्लग काढावा, आणि नवा बसवितांना पहिले आटे हातानेंच फिरवावेत. वांकडा प्लग पान्यानें दामटला तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

साखळीसाठीं मागील चाकाच्या आंसाच्या चाकीला बसणारा मोठा पाना हवा. तोच नेमका घरीं राहतो! साखळी फार सैल असेल तर उतरून चाक अडवूं शकते. फार ताठ असेल तर बेअरिंग झिजविते. कितपत ढिलाई हवी, तें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावेत, नाहींतर चाक तिरपें बसतें.

याखेरीज 10, 12 व 14 मि.मी.चे पाने, स्क्रूड्रायव्हर व पक्कड पुरे. शक्य तेथें रिंग पाना वापरावा. तो चाकीला चहूंकडून धरतो, म्हणून तिचे कोपरे झिजत नाहींत. मद्रासेस बनलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्यांस मात्र इंग्रजी इंची मापाच्या चाक्या आढळतात. त्यांवर मिलिमीटरचा "जवळजवळ बसणारा" पाना चालविणें म्हणजे कोपरे गोल करणेंच होय.

विजेसाठीं मूळ फ्यूजच्याच अँपिअरचा जादा फ्यूज ठेवावा. त्याजागीं तांब्याची तार गुंडाळूं नये. फ्यूज जळतो तो गाडीच्या तारा वांचविण्यासाठीं. तो न जळला, तर तारा जळतील. हवेसाठीं दाबमापक आणि, टायर ट्यूबविरहित असल्यास, पंक्चरच्या पट्ट्या घ्याव्यात. ट्यूबचें पंक्चर काढण्यास मात्र सराव हवा.

एवढें करूनही ब्रेकचें काम शंकास्पद वाटलें तर पिशवी मिटावी आणि गाडी कारागिराच्या हवालीं करावी. आणि पिशवी भरली, कीं ती आगोटीपूर्वीं एका सुटीच्या सकाळीं अंगणांत उघडावी आणि प्रत्येक पाना ज्या चाकीसाठीं घेतला आहे तिला लावून पाहावा. जो बसत नाहीं, तो भारच होय.