एकाच वहीची नक्कल

तसा मी कलाशाखेच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. मी जंतूंविषयी लिहिणार, याचे मित्रांना हसू आले. पण कारण घरचेच आहे.

गेल्या पावसाळ्यात वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन धुळ्याच्या एका दवाखान्यात झाले. चौथ्या दिवशी जखमेत पू झाला. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचेही तेच. दोघांच्याही तपासणीत क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि औषधांच्या यादीपुढे ‘आर’ची, म्हणजे दाद न देण्याची, रांगच लागली. ‘घरच्यांनी स्वच्छता पाळली नाही,’ असे आम्हाला ऐकवण्यात आले. वडिलांजवळ बसत होती आई. जळगावला परतताना एस.टी.त ती मला म्हणाली, ‘‘मनं काय चुकनं रे भाऊ?’’

उत्तर देता आले नाही, म्हणून वाचत सुटलो.

दोन्ही कागदांवरची रांग सारखी पाहून मी जंतू एकच ठरवून मोकळा झालो होतो. ती माझी चूक. दोन मुले त्याच तीन विषयांत नापास झाली, म्हणून ती सख्खी भावंडे ठरत नाहीत. नाते ओळखायचे तर जनुकांपर्यंत जावे लागते.

जंतू एकाचे दोन होतात, दोनाचे चार. आपल्या केळीच्या कंदाला फुटलेल्या पिलांसारखीच ही प्रजा, मूळची हुबेहूब नक्कल. मात्र नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. डीएनएची अक्षरे चारच, पण क्लेब्सिएलाचा मजकूर ५० लाखांहून अधिक अक्षरांचा. दोन वह्यांत तीच चूक त्याच ओळीत सापडली, तर सर काय समजायचे ते समजतात! प्रयोगशाळाही तेच करते. १९८४ साली श्वार्ट्झ आणि कँटर यांनी डीएनएचे मोठे तुकडे विजेची दिशा बदलत जेलीसारख्या थरातून वेगळे करण्याची रीत मांडली. तुकड्यांचे पट्टे जुळले, तर जंतू जवळचे. आता सगळा मजकूरच वाचता येतो. फरक थोडक्या अक्षरांचा असेल तर उगम अलीकडचा व एकच. हजारोंचा असेल तर शेजारच्या खाटेवर संशय घेऊ नये.

गुंता पुढेच आहे. औषधाला न जुमानण्याचे जनुक पुष्कळदा ‘प्लाझ्मिड’ नावाच्या सुट्या कड्यावर असते आणि एका जातीचा जंतू ते दुसऱ्या जातीलाही देतो, परीक्षेत चिठ्ठी सरकवावी तसे. एनडीएम-१ हे असेच जनुक. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये कार्बापेनेम या राखीव औषधांना दाद न देणारे या कुळातले २४ जंतू सापडले. त्यांपैकी २२ मध्ये ते निघाले. जनुकाच्या नावात दिल्ली आल्याने पुढे मोठा वाद झाला. मला नावापेक्षा आकडा मोठा वाटला.

एवढे जुळवूनही जंतू कोणाकडून कोणाकडे गेला हे कळायला खाटा, तारखा, ड्रेसिंग करणारे हात, सगळ्यांची नोंद लागते. क्लेब्सिएला निरोगी माणसाच्या आतड्यातही गुपचूप राहतो. तेव्हा वडिलांनी तो घरूनच नेला असेल, हेही मी नाकारत नाही.

वडील महिन्याभराने बरे झाले. औषधांपायी म्हैस गेली. दिवाळीच्या सुटीत मी दवाखान्यात जाऊन विचारले, त्या दोन जंतूंची जुळणी करता येईल का? तेथील बाईंनी समजुतीने सांगितले, कल्चरच्या बश्या केव्हाच नष्ट केल्या. आईला मी हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वडिलांचा टॉवेल दुसऱ्यांदा उकळायला ठेवला.