पंखा म्हणजे दिवा नव्हे : वेगनियंत्रणाविषयीचे काही गैरसमज

मोबाइलवरून, आवाजाने किंवा ठरलेल्या वेळी घरातील उपकरणे चालवण्याची जी स्वयंचलन व्यवस्था आता अनेक घरांत दिसते, तिच्यात दिव्यांचे काम बिनबोभाट होते आणि घोडे अडते ते बहुधा छताच्या पंख्यापाशी. कारण पंख्याचा वेग हा दिव्याच्या उजेडासारखाच वीज कमी-जास्त करून हवा तसा ठरवता येतो, असे आधीच गृहीत धरलेले असते. हे गृहीतक अर्धवट खरे आहे, आणि बाकीचे बहुतेक गैरसमज त्याच्याच पोटातून निघतात.

भारतीय घरांत अजूनही मोठ्या संख्येने फिरणारा जुन्या धाटणीचा पंखा इंडक्शन मोटरवर चालतो. या मोटरीत एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि मोटरीचा फिरता भाग त्या क्षेत्रामागे किंचित रेंगाळत धावतो. क्षेत्राचा वेग विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेवर आणि मोटरीतील ध्रुवांच्या संख्येवर ठरतो, उदाहरणार्थ १४ ध्रुवांच्या मोटरीत तो मिनिटाला सुमारे ४२८ फेरे असतो; त्यामुळे मोटरीला मिळणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी केल्याने क्षेत्राचा वेग मुळीच बदलत नाही. घटते ते फिरवण्याचे बल, आणि तेही झपाट्याने: दाब निम्मा झाला तर बल साधारण चौथ्या हिश्शावर येते, हवेच्या विरोधापुढे पाती मागे पडतात आणि पंखा हळू फिरतो. थोडक्यात, भिंतीवरचा रेग्युलेटर पंख्याला हळू चालायला सांगत नाही, त्याला अशक्त करतो.

म्हणूनच दिव्यासाठीचा कोणताही डिमर पंख्याला चालेल, ही समजूत धोक्याची ठरते. ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक भागावर चालणारे रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा येणाऱ्या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापतात, आणि त्या तुटक विजेवर मोटर गुणगुणू लागते. रात्रीच्या शांततेत ही घरघर चांगलीच जाणवते. एलईडी दिव्यांसाठीचे काही डिमर लहरीचा शेवटचा भाग कापतात, आणि ही पद्धत गुंडाळ्या असलेल्या मोटरीशी जुळत नाही. पंख्यासाठी बनवलेल्या चांगल्या स्मार्ट मॉड्यूलमध्ये याऐवजी रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारी छोटी बटणे, आणि निरनिराळ्या क्षमतेचे कपॅसिटर असतात. कोणता कपॅसिटर पंख्याच्या मार्गात घ्यायचा हे रिले ठरवतात, लहर अखंड राहते आणि आवाज येत नाही. वेग बदलताना बोर्डातून फक्त ‘टक्’ असे ऐकू येते. साहजिकच असे वेग चार किंवा पाचच असतात. मोबाइलवरील शून्य ते शंभर टक्क्यांची सरकपट्टी ही निव्वळ सोय आहे, आणि तिच्यावर ६५ व ७० टक्के यांत बोटाला फरक दिसला तरी पंख्याला तो बहुधा दिसत नाही.

नवे मॉड्यूल बसवले तरी जुना रेग्युलेटर ‘असू द्या, अडीअडचणीला’ म्हणून मार्गात ठेवण्याची रीतही अशीच चुकीची आहे. दोन नियंत्रणे एकामागोमाग आली की दाब दोनदा घटतो, आणि एक क्रमांकावर पंखा सुरूच होत नाही, काठीने पाते ढकलावे लागते. अर्थात पंखा सगळ्याच क्रमांकांवर मंदावला असेल, तर दोष स्वयंचलनात नसून बहुधा पंख्याच्याच कपॅसिटरमध्ये असतो, ज्याला वायरमन मंडळी अजूनही कंडेन्सर म्हणतात. अडीच मायक्रोफॅरडचा तो छोटा डबा वर्षांगणिक क्षीण होतो, आणि तो बदलण्याचा खर्च मॉड्यूलच्या किमतीपुढे नगण्य असतो.

बीएलडीसी, म्हणजे ब्रशरहित डीसी मोटरीच्या, पंख्याची गोष्ट मात्र मुळातच निराळी आहे. त्याच्या फिरत्या भागात कायम चुंबक असतात, आणि आतले सर्किट घरातील एसी विजेचे आधी डीसीत रूपांतर करून कोणत्या गुंडाळीला केव्हा वीज द्यायची हे स्वतः ठरवते. म्हणजे वेगाचा निर्णय छतावरच होतो. या पंख्यापुढे कोणताही रेग्युलेटर ठेवणे म्हणजे त्या सर्किटला उपाशी ठेवणे होय. त्याला पूर्ण २३० व्होल्ट द्यावेत आणि वेगाची आज्ञा रिमोटच्या मार्गाने पोहोचवावी. इथे आणखी एक भ्रम आढळतो, तो म्हणजे मोबाइलवर तीन दिसते म्हणजे पंखा तीनवरच आहे. साध्या इन्फ्रारेड रिमोटचा संदेश एकेरी असतो, पंखा उलट उत्तर देत नाही. आजोबांनी हातातल्या रिमोटने वेग पाचवर नेला, तर व्यवस्थेला त्याचा पत्ताही लागत नाही.

बचतीविषयी दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. वेग कमी केला तरी बिल तेवढेच येते, हे पूर्वीही पूर्ण खरे नव्हते. जुन्या तारगुंडाळीच्या खोक्यांत वाचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जात असे, म्हणून बचत थोडी होई, इतकेच. दुसरीकडे, स्मार्ट मॉड्यूल लावले की वीज आपोआप वाचते, हेही खरे नाही, कारण मोटर तीच राहते. पूर्ण वेगाला ७५ वॅट घेणारा पंखा आणि ३० वॅटचा बीएलडीसी पंखा रोज दहा तास चालले, तर दिवसाला ०.४५ युनिटचा फरक पडतो, तीनशे दिवसांत १३५ युनिटचा. १ जानेवारी २०२३ पासून भारतात छताच्या पंख्यांना ऊर्जाक्षमतेचे तारांकन सक्तीचे झाले आहे, तेव्हा मॉड्यूलचा डबा पाहण्याआधी पंख्याच्या डब्यावरचे तारे मोजणे अधिक शहाणपणाचे.

इंटरनेट गेले की सारे ठप्प होते, ही भीती निवडलेल्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. झिगबीसारख्या बिनतारी संपर्काच्या पद्धतीत आज्ञा घरातल्या घरातच फिरू शकतात.

राहतो तो सर्वांत चिवट गैरसमज, पंखा खोली थंड करतो हा. पंखा हवा हलवतो, घाम सुकवतो आणि अंगाला गार वाटते; खोलीचे तापमान त्याने उतरत नाही, उलट मोटरीच्या उष्णतेने किंचित वाढतेच. त्यामुळे ‘तापमान २६ अंशांखाली आले की वेग कमी कर’ हा वातानुकूलकाच्या थाटातला नियम बाहेरची हवा निवली तरच लागू होतो, पंख्याने कितीही जोर लावला तरी नाही. आणि खोलीत कोणीच नसेल तेव्हा पंखा बंद करणारा साधा नियम त्याहून जास्त उपयोगी पडतो.