डोळा काढायचा की किरणं द्यायची?

डोळ्याच्या आतल्या रंगपेशींचा कर्करोग, म्हणजे मेलेनोमा, आपल्याकडे दुर्मीळ आहे. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसासारख्या गावात त्याचं निदान झालेल्या माणसाला अनुभव विचारायला शेजारीपाजारी कुणी सापडत नाही. मग घरातले म्हणतात, डोळा गेला तरी चालेल, जीव वाचू दे. या बोलण्यात माया आहे, पण डोळा काढला की जीव जास्त सुरक्षित होतो हे त्यामागचं गृहीतक मात्र टिकत नाही. अमेरिका आणि कॅनडात १९८७पासून मध्यम आकाराची गाठ असलेल्या १,३१७ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाचा डोळा काढला. दुसऱ्या गटात गाठीच्या मागे, डोळ्याच्या बाहेरून आयोडीन-१२५ची किरणं देणारी छोटी चकती काही दिवस शिवून ठेवली. १२ वर्षांत पहिल्या गटातले ४१ टक्के आणि दुसऱ्यातले ४३ टक्के रुग्ण सर्व कारणांनी दगावले. हा फरक नगण्यच. गाठ लक्षात येण्याआधीच काही पेशी रक्तातून यकृताकडे निघून गेलेल्या असू शकतात. त्या डोळा काढून परत येत नाहीत.

म्हणून किरणोपचारच घ्यावा, असंही नाही. त्याच अभ्यासात चकती लावलेल्या डोळ्यांपैकी ४३ टक्क्यांची नजर ३ वर्षांत ६/६० किंवा त्याहून खाली गेली, आणि ५ वर्षांत साधारण ८ पैकी १ डोळा शेवटी काढावाच लागला. डोळा राहणं आणि दृष्टी राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगायलाच हवं. गाठ फार मोठी असेल, किंवा डोळा आंधळा होऊन दुखत असेल, तर तो काढणं हाच योग्य उपचार; त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

डोळा वाचवण्याच्या वाटेवर सर्वांत खरा आक्षेप अंतराचा आणि बुडणाऱ्या रोजीचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ची देशी चकती तयार केली आणि दिल्लीच्या एम्समध्ये ती वापरात आली, ही मोठी गोष्ट आहे. पण तिचे किरण खोल जात नाहीत, म्हणून ती कमी जाडीच्या गाठींसाठीच. शिवाय गोंदियाहून दिल्ली-मुंबई जवळ नाही. तरी एकदा डोळा काढला की खेपा संपल्या, हा हिशेब चुकीचा आहे: यकृताच्या तपासण्या दोन्ही वाटांनी वर्षानुवर्षं कराव्याच लागतात. त्यातल्या बऱ्याचशा सोनोग्राफीने जवळच्या शहरात होऊ शकतात. त्यामुळे केवळ अंतरापायी चांगली नजर असलेला डोळा काढू नये, असं माझं ठाम मत आहे. निर्णयाआधी डॉक्टरांना विचारावं: गाठीची जाडी किती मिलिमीटर, ती दृष्टिचेतेपासून (डोळ्याच्या मुख्य नसेपासून) किती दूर, आणि दुसऱ्या डोळ्याची नजर कशी?