दीक्षा घेतलेल्याने निवडणूक लढवावी का?

धर्मदीक्षा घेतली एवढ्यावरून एखाद्या व्यक्तीला लोकप्रतिनिधी होण्यास अपात्र ठरवावे काय, या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप ब्रिटनच्या कायद्यात पाहावयास मिळते. तेथील लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या २६ बिशपांसाठी, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांसाठी, जागा राखीव आहेत. लोकनिर्वाचित कॉमन्स सभागृहाचे दार मात्र त्याच चर्चच्या साध्या पाद्र्याला २००१ पर्यंत बंद होते. पाद्र्यांची ‘कॉन्व्होकेशन’ ही स्वतंत्र धर्मसभा त्यांच्यावरील कर ठरवते, तेव्हा त्यांना कॉमन्समध्ये प्रतिनिधी नको, अशी त्यामागची जुनी भूमिका होती. १६६४ नंतर या सभेने कर ठरवणे थांबवले, तरी बंदीची रूढी टिकून राहिली.

या रूढीला कायद्याचे रूप मिळाले ते एका माणसामुळे. तरुणपणी दीक्षा घेतलेले आणि पुढे सरकारचे कडवे टीकाकार झालेले जॉन हॉर्न टूक १८०१ मध्ये ओल्ड सॅरम या जवळजवळ ओसाड मतदारसंघातून निवडून आले, तेव्हा त्याच वर्षी संसदेने पाद्र्यांना अपात्र ठरवणारा कायदा केला आणि अशी व्यक्ती सभागृहात बसेल वा मत देईल त्या प्रत्येक दिवसासाठी ५०० पौंड दंड ठेवला. १८२९ च्या कायद्याने कॅथलिकांना संसद खुली केली, पण त्यांच्या धर्मगुरूंना बाहेरच ठेवले.

या कायद्याची खरी कसोटी लागली ती १९५० मध्ये. बेलफास्ट पश्चिममधून निवडून आलेले जे. जी. मॅकमॅनवे हे आयर्लंडच्या चर्चचे पाद्री होते आणि त्या चर्चचा राजमान्य दर्जा १८७१ मध्येच संपला होता, त्यामुळे कायद्यातील ‘प्रीस्ट ऑर डीकन’ या शब्दांत, म्हणजे पुरोहित आणि त्याखालच्या पायरीवरील दीक्षित या वर्णनात, ते बसतात की नाही एवढ्यावर सारे अडले. ज्याच्या मस्तकावर बिशपने हात ठेवून दीक्षा दिली तो यात येतोच, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने दिला, मॅकमॅनवे यांची जागा रिकामी झाली आणि दंडातून त्यांना सोडवण्यासाठी १९५१ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. उलट, स्वतःचे चर्च स्थापन करणारे इयन पेझली १९७० पासून कॉमन्समध्ये बसले आणि त्यांना कोणी अडवू शकले नाही, कारण त्यांची दीक्षा बिशपच्या हातची नव्हती. मतदाराचा कौल अशा तपशिलावर रद्द व्हावा, हे न्यायाला धरून नव्हतेच. पूर्वी कॅथलिक धर्मगुरू असलेल्या डेव्हिड केर्न्स यांची उमेदवारी पुढे आली, तेव्हा कुठे २००१ मध्ये ही अपात्रता हटली.

अमेरिकेच्या टेनेसी राज्याच्या १७९६ च्या घटनेतही अशीच बंदी होती, आणि पॉल मॅकडॅनियल या बाप्टिस्ट पाद्र्याच्या खटल्यात १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती धर्मस्वातंत्र्याशी विसंगत ठरवली.

भारताच्या राज्यघटनेने ही वाट मुळातच घेतली नाही. अनुच्छेद १०२ व १९१ मधील अपात्रतांत मठाधिपती, मौलवी वा पाद्री यांचा उल्लेख नाही, त्यामुळे गोरखनाथ मठाचे महंत लोकसभेत जाऊ शकले आणि २०१९ मध्ये सोलापूरहून जयसिद्धेश्वर स्वामी निवडून येऊ शकले. या स्वामींच्या बाबतीत वाद झाला तो राखीव जागेसाठीच्या जातीच्या दाखल्याचा, मठाचा नव्हे. आपला कायदा माणसाच्या वस्त्राकडे न पाहता त्याच्या प्रचाराकडे पाहतो आणि तेच अधिक न्याय्य आहे: लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते, मग उमेदवार संन्यासी असो वा संसारी. मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, चार विरुद्ध तीन मतांनी, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही या कलमात येते, असे ठरवले. अल्पमतातील तीन न्यायमूर्तींची चिंता अशी होती, की धर्म वा जातीमुळे ज्यांनी अन्याय सोसला त्यांची गाऱ्हाणी मांडणेही अशा अर्थाने निवडणुकीतून हद्दपार होईल.