घरात शिरलेला सशस्त्र इसम आणि अमिरातीचा कायदा

चरितार्थासाठी संयुक्त अरब अमिरातीत येऊन राहिलेल्या मराठी मंडळींत, घरात शस्त्र घेऊन शिरणाऱ्या इसमाविषयी बोलणे निघाले म्हणजे दोन परस्परविरुद्ध मते सारख्याच खात्रीने मांडली जातात: रात्री घुसलेल्याला ठार केले तरी तो खून नव्हे, हे एक, आणि परदेशीयाने येथे हात उचलला की तुरुंग ठरलेलाच, हे दुसरे.

दुसऱ्या मताचे निराकरण सोपे आहे. 2 जानेवारी 2022 पासून अमलात असलेला 2021 चा संघीय फौजदारी कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देताना नागरिक आणि परदेशीय असा भेद करीत नाही, आणि हा हक्क स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्याही जीवित-वित्ताच्या रक्षणार्थ चालतो.

पहिले मत अधिक घातक, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मृत्यूची किंवा गंभीर इजेची सकारण भीती, बलात्कार, अपहरण यांच्या जोडीला वसतीच्या घरात रात्री झालेला शिरकाव हाही प्राणघातक प्रतिकाराच्या अपवादांत गणला आहे खरा. परंतु संकट तत्काळ ओढवलेले असावे, सरकारी अंमलदारांचे साहाय्य वेळेत मिळणे अशक्य असावे, अन्य उपाय उरलेला नसावा आणि प्रतिकार हल्ल्याच्या प्रमाणात असावा, या चार अटी त्या अपवादालाही सुटत नाहीत. चोर पाठ फिरवून जिन्याने पळू लागला की संकट संपते, आणि संकटाबरोबर हक्कही संपतो. पाठलाग करून केलेला वार हा मग नवा अपराध ठरतो. भारतीय कायद्याचे तत्त्वही याहून फारसे निराळे नाही, ही गोष्ट आपल्याकडचे शूर वक्ते सहसा विसरतात.

या अटींचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे सारा बालाबागान हिच्या खटल्यात दिसले. पारपत्रावर वय वाढवून अल ऐन येथे घरकामास आलेल्या या अल्पवयीन फिलिपिनो मुलीने जुलै 1994 मध्ये मालकाला भोसकून ठार केले. त्याने सुरा रोखून बलात्कार केला, ही तिची कैफियत, आणि प्रेतावर 34 जखमा, हा फिर्यादी पक्षाचा पुरावा. जून 1995 मध्ये पहिल्या न्यायालयाने तिला सात वर्षांची कैद दिली, पण त्याच निकालात बलात्काराबद्दल तिला नुकसानभरपाईही मंजूर केली. सप्टेंबरात दुसऱ्या न्यायालयाने बलात्कार शाबीत नाही असे ठरवून देहदंड फर्मावला. आणि जगभर गहजब झाल्यावर, अमिरातीचे तत्कालीन अध्यक्ष शेख झायेद यांच्या मध्यस्थीने मृताच्या कुटुंबाने रक्तधन, म्हणजे मृत्यूबद्दलची भरपाई, स्वीकारले, तेव्हा शिक्षा एक वर्ष कैद व शंभर फटके इतकी उतरली. घटना एकच, न्यायनिवाडे तीन! माझ्या मते बचाव करणाऱ्याची खरी कसोटी हल्ल्यानंतर, जबानी आणि वैद्यकीय तपासणीच्या वेळी सुरू होते.

उशाशी पिस्तूल असावे, ही कल्पना तर येथे सोडूनच द्यावी. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हाच गंभीर गुन्हा आहे.

तेव्हा मुलांना घेऊन आतल्या खोलीत कडी लावावी आणि 999 वर पोलिसांना खबर द्यावी. दुबईत इमारतीच्या प्रवेशद्वारावरील पाटीवर दहा आकडी मकानी (ठिकाणदर्शक) क्रमांक असतो. तो आजच उतरवून फोनजवळ ठेवावा.