पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप : खर्च किती, पद्धत कोणती, उपयोग काय?

गेल्या हिवाळ्यात साकोलीजवळ राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला फिकट पिवळ्या रंगाचा एक लॅब्राडॉर कुत्रा थकून बसलेला आढळला. गळ्यात पट्टा नव्हता. एका धाबेवाल्याने त्याला पाणी पाजले, सावलीत बांधून ठेवले आणि चार ठिकाणी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दोन कुटुंबे येऊन उभी राहिली. दोघांचाही कुत्रा दिवाळीच्या फटाक्यांत बिथरून पळालेला, दोघांच्याही मोबाईलमध्ये छायाचित्रे आणि दोघांच्याही हातात लसीकरणाची पुस्तिका. कुत्र्याने दोन्ही कुटुंबांकडे पाहून सारख्याच आनंदाने शेपटी हलवली. लॅब्राडॉर तो, कोणाकडेही पाहून हलवतो!

वाद मिटेना, तेव्हा मंडळी आमच्याकडे आली. आम्ही दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. जात तीच, रंग तोच, नर, वयातही दोन-तीन महिन्यांचेच अंतर. दोन्ही पुस्तिकांत 'मायक्रोचिप क्रमांक' असा एक रकाना छापलेला होता आणि दोन्हींत तो कोरा होता. अखेर एका पशुवैद्यांनी कुत्र्याच्या मागच्या पायावरील, आपणच घातलेल्या टाक्यांचा जुना व्रण ओळखला आणि निवाडा झाला. एक कुटुंब कुत्रा घेऊन घरी गेले. दुसऱ्या कुटुंबातील लहान मुलगी रडत परतली. त्यांचा कुत्रा आजवर सापडलेला नाही.

त्या कोऱ्या रकान्याविषयी तेव्हापासून अनेकांनी आम्हांला विचारले. ही चिप म्हणजे काय? ती कोठे बसवतात? खर्च किती? कुत्रा कोठे आहे हे तिच्यामुळे मोबाईलवर दिसते काय? पशुवैद्यांशी बोलून व माहिती पडताळून या प्रश्नांची उत्तरे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चिप म्हणजे नेमके काय?

मायक्रोचिप ही काचेच्या बारीक नळीत बंद केलेली विद्युत्-कळी आहे. तिची लांबी साधारण १२ मिलीमीटर आणि जाडी २ मिलीमीटर असते. सर्वत्र तिला 'तांदळाच्या दाण्याएवढी' म्हणतात. परंतु भंडारा जिल्ह्यातील धान पिकविणारे आमचे वाचक या उपमेला हसतील, कारण टरफलासह धानाचा लांब दाणाही जेमतेम तेवढा भरतो. ही काच शरीराला बाधत नाही. आत बॅटरी नसते, त्यामुळे ती संपण्याचा वा बदलण्याचा प्रश्न येत नाही. एकदा बसविलेली चिप कुत्र्याला जन्मभर पुरते.

बॅटरी नाही, मग ती चालते कशी? पशुवैद्याकडील स्कॅनर कुत्र्याच्या मानेजवळ फिरविला की त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींनी चिपला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठविते. तो क्रमांक स्कॅनरच्या पडद्यावर उमटतो. हे अंतर काही सेंटीमीटरांचेच असते. यावरून एक मोठा गैरसमज दूर व्हावा : चिप कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही. ती उपग्रहाशी बोलत नाही आणि मोबाईलवर नकाशा दाखवीत नाही. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांना शहरातील एका विक्रेत्याने 'चिप बसवा, कुत्रा कोठेही गेला तरी फोनवर दिसेल' असे सांगून अवाच्या सवा किंमत सांगितली होती. असे कोणी सांगितल्यास त्या दुकानाची पायरी उतरावी. ठावठिकाणा दाखविणारे यंत्र गळ्यातील पट्ट्याला लावायचे वेगळेच साधन आहे आणि ते वारंवार चार्ज करावे लागते.

चिपमध्ये मालकाचे नाव, पत्ता वा फोन क्रमांकही नसतो. असतो तो केवळ १५ अंकी क्रमांक. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार (आयएसओ ११७८४ व ११७८५) त्यातील पहिले तीन अंक देशाचा किंवा उत्पादकाचा संकेत असतात आणि उरलेले बारा त्या प्राण्याचे. उत्पादकांचे संकेत ९ या अंकाने सुरू होतात. या मानकांप्रमाणे चिप १३४.२ किलोहर्ट्झ या कंप्रतेवर वाचली जाते. चिप विकत घेताना ती आयएसओ मानकाची आणि १५ अंकी आहे ना, एवढे अवश्य विचारावे. अन्यथा परदेशातील स्कॅनर ती वाचेलच असे नाही.

आपल्या गोठ्यातील गायी-म्हशींच्या कानांतील पिवळा बिल्ला वाचकांना ठाऊकच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून हे १२ अंकी बिल्ले गावोगावी पोहोचले. चिप हा कुत्र्याचा तसाच बिल्ला समजावा. फरक इतकाच की तो कातडीखाली असतो. पडत नाही, तुटत नाही आणि कोणाला सहज काढून टाकता येत नाही.

बसविण्याची पद्धत

हे काम नोंदणीकृत पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाले की चिप बसविता येते. मोठ्या कुत्र्याला कोणत्याही वयात. कुत्रा आजारी असेल किंवा मानेजवळ त्वचेचा विकार असेल तर बरे होईपर्यंत थांबावे.

प्रथम पशुवैद्य संपूर्ण अंगावरून स्कॅनर फिरवून आधीची चिप नाही ना, हे पाहतात. मग पाकिटातील नवी चिप स्कॅन करून तिचा क्रमांक पाकिटावरील चिकटपट्ट्यांशी जुळतो का, ते तपासतात. त्यानंतर दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मानेच्या मागील भागातील कातडी स्पिरिटने पुसून चिमटीत उचलतात आणि जाड सुईने चिप कातडीखाली सोडतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, म्हणून कुत्रा क्षणभर कळवळतो; परंतु भूल द्यावी लागत नाही आणि सारे काही सेकंदांत आटोपते. शेवटी पुन्हा स्कॅन करून क्रमांक येतो ना, याची खात्री करतात.

क्रमांकाची एक चिकटपट्टी लसीकरण पुस्तिकेत त्या कोऱ्या रकान्यात लावून घ्यावी, शेजारी दिनांक व पशुवैद्यांची सही-शिक्का घ्यावा. पुढील एक-दोन दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नये व ती जागा चोळू नये. क्वचित चिप आपल्या जागेवरून खांद्याकडे किंवा कोपराकडे सरकते. म्हणून दरवर्षी लसीच्या वेळी ती एकदा वाचून घ्यावी.

खर्चाचा हिशेब

शहरांतील खाजगी दवाखान्यांत चिप व ती बसविण्याचे शुल्क मिळून साधारणतः पाचशे ते दोन हजार रुपये घेतले जातात. दर ठिकाणी दर वेगळा, म्हणून आधी विचारून घ्यावे आणि या रकमेत चिप, शुल्क व नोंदणी असे तिन्ही आहे का, हे स्पष्ट करून घ्यावे.

साकोलीसारख्या ठिकाणी मात्र खरा खर्च प्रवासाचा. नागपूर येथून सुमारे शंभर किलोमीटर. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय, ज्या टेकड्यांना सेंट चार्ल्स सेमिनरीवरून 'सेमिनरी हिल्स' हे नाव पडले, तेथेच आहे. तेथे किंवा शहरातील एखाद्या दवाखान्यात जायचे, तर कुत्र्यासह एस.टी.चा प्रवास सोयीचा नसल्याने भाड्याची गाडी करावी लागते आणि गाडीचे भाडे चिपच्या किमतीहून अधिक होते. यावर उपाय सोपा आहे. प्रथम आपल्याच तालुक्यातील पशुवैद्यांना विचारावे. पाच-सहा कुटुंबांनी मिळून मागणी केल्यास ते चिपा मागवू शकतात. निघावे लागलेच, तर आधी फोन करून चिप शिल्लक असल्याची खात्री करूनच निघावे.

काही शहरांनी हा भार स्वतःवर घेतला आहे. चेन्नई महानगरपालिकेने २०२५ साली पाळीव कुत्र्यांसाठी परवाना, रेबीजची लस व चिप सक्तीची केली, परंतु आपल्या दवाखान्यांत चिप मोफत बसवून दिली. आपल्या नगरपरिषदांनी हे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा

आपल्या अनेक घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशी आहेत. कुत्र्याला तिकडे न्यायचे असेल तर चिप ऐच्छिक राहत नाही. युरोपीय संघात व ब्रिटनमध्ये भारतातून येणाऱ्या कुत्र्यासाठी क्रम असा : आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची प्रतिपिंड चाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने प्रतीक्षा. म्हणजे १ जानेवारीला चिप व लस झाली, तर मे महिन्याच्या प्रारंभापूर्वी कुत्रा विमानात बसू शकत नाही. चिपपूर्वी दिलेली लस येथे धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली, याचा पुरावा उरत नाही. अनेक कुटुंबे नेमकी येथेच चुकतात आणि पुन्हा लस देऊन सारी मोजणी नव्याने सुरू करावी लागते. अमेरिकेतही १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला चिप आणि किमान सहा महिने वय आवश्यक आहे; भारत रेबीजचा अधिक धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने आपल्याकडील कुत्र्यांसाठी अटी आणखी कडक आहेत. निर्यातीचा दाखला केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून मिळतो. तिचे एक कार्यालय मुंबईत आहे.

क्रमांक आहे, वही कोठे आहे?

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. चिप एकटी काहीच करीत नाही. तिला दोन सोबती लागतात : क्रमांकापुढे मालकाचे नाव-पत्ता लिहिलेली वही आणि क्रमांक वाचणारा स्कॅनर. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची आहे. तेथे मालकाने घर बदलले आणि नोंद अद्ययावत केली नाही, तरी दंड होऊ शकतो, कारण जुना पत्ता असलेली चिप ही नसल्यासारखीच. आपल्याकडे पाळीव कुत्र्यांसाठी साऱ्या देशाची मिळून एकच नोंदवही नाही. काही महानगरपालिकांची, काही खाजगी संस्थांची, तर जातिवंत कुत्र्यांपुरती केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद, असे तुकडे आहेत. म्हणून चिप बसविताना 'माझे नाव कोणत्या नोंदीत जाणार आणि ते बदलायचे कसे?' हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

आमच्या मते छोट्या गावाला यावर मार्ग आहे. साधा स्कॅनर काही हजार रुपयांत मिळतो. कुत्री पाळणाऱ्या कुटुंबांनी वर्गणी काढून एक स्कॅनर गावातील पशुवैद्यांकडे ठेवला आणि त्यांनी एका वहीत चिप क्रमांक, मालकाचे नाव, फोन व लसीची तारीख लिहून ठेवली, तर साकोलीपुरती ती वही कोणत्याही संगणकाइतकीच कामाची ठरेल.

याचा लाभ केवळ हरवलेल्या कुत्र्यापुरता नाही. एखाद्या अनोळखी कुत्र्याने मुलाला चावा घेतला, तर त्या कुत्र्याला लस दिली होती काय, हा प्रश्न जीवन-मरणाचा असतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. चिप आणि वही असेल तर उत्तर दोन मिनिटांत मिळते. अर्थात त्या उत्तराची वाट पाहत बसू नये : जखम त्वरित साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक रुग्णालय गाठावे.

काय करावे?

खर्चाची ओढाताण असलेल्या घरांनी चिपचा ताण घेऊ नये. पहिला मान रेबीजच्या लसीचा, दरवर्षी, न चुकता. दुसरा मान गळ्यातील भक्कम पट्ट्याचा व त्यावर फोन क्रमांक कोरलेल्या पितळी बिल्ल्याचा; तो वाचण्यास कोणताही स्कॅनर लागत नाही, धाबेवाला व शाळकरी मूलही तो वाचू शकते. तिसरी चिप. पट्टा गळून पडतो तेव्हा तीच उरते. ज्यांना परदेशी जायचे आहे, ज्यांचा कुत्रा किमती जातीचा आहे किंवा जे महामार्गालगत राहतात, त्यांनी मात्र ती लांबणीवर टाकू नये.

आज घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याची पुस्तिका उघडून पाहावी. तो रकाना कोरा असेल, तर निदान शेजारच्या जागेत आपला आजचा फोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवावा आणि कुत्र्याच्या अंगावर एखादी न पुसणारी खूण असल्यास तीही नोंदवावी. त्या दिवशी महामार्गावरील कुत्रा घरी पोहोचला तो एका जुन्या व्रणामुळे. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर व्रण नसतो आणि तो ओळखणारे पशुवैद्यही दरवेळी जवळ नसतात.